दुसऱ्या खेळाडूची पाळी

आधीच सांगून टाकतो — ह्या सदरातले अनुभव मी हसायला वाचतो. पिंपळाखालची पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारी बाई, चकवा लागून उसात फिरत राहिलेला कुणाचा तरी मामा... वाचायचं, दुकानात बसलेल्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि चहा मागवायचा. माझा धंदा मोबाईल दुरुस्तीचा. वस्तू बिघडली म्हणजे आत काहीतरी तुटलंय, जळलंय नाहीतर ओलं झालंय, एवढंच मला ठाऊक. देवाला हात जोडतो, तेही आई घरात आहे म्हणून. त्यामुळे आज मीच इथं लिहायला बसलोय ह्याची मला जरा लाजच वाटते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. तुमच्या जागी मी असतो तर हसलोच असतो.

गाव तिसगाव, तालुका पाथर्डी. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलात आणि करंजी मागं टाकली की आमचं गाव. रस्त्याला लागूनच माझं दुकान आहे, पुढं काउंटर आणि मागं पत्र्याची खोली. ह्या मागच्या खोलीतच सगळं घडलं. भर दुपारी, उन्हात, पंखा चालू असताना. अमावस्या वगैरे काही नव्हती, मी नंतर कॅलेंडर बघितलं. (हो, बघितलं. माणूस काय काय करतो!)

आता पेटीबद्दल. आम्ही शाळेत होतो तेव्हा पाथर्डीच्या एसटी स्टँडजवळ एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. अंधारी खोली, उदबत्तीचा आणि घामाचा वास, आणि भिंतीला लागून कपाटाएवढ्या लाकडी पेट्या. त्यातल्या एका पेटीत शिडीचा गेम होता. आजच्या पोरांना दाखवला तर म्हणतील, हे काय! पडद्यावर एकावर एक तिरके मजले, मजल्यांना जोडणाऱ्या शिड्या आणि तळाशी अंगठ्याएवढा माणूस. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक धटिंगण उभा, तो वरून पिंपं लोटत राहतो. पिंप आलं की उडी मारायची, शिडी सापडली की चढायचं, आणि वर पोचायचं. बास. पण मोबाईलवर आज ज्या ज्या गेममध्ये माणूस पळतो, उडी मारतो, ह्या फळीवरून त्या फळीवर जातो, त्या सगळ्यांची आजी ही पेटी आहे. माझा मुलगा तासन् तास जे खेळतो ते हेच आहे, फक्त रंग जास्त.

माझा थोरला भाऊ भागवत, आम्ही त्याला दादा म्हणायचो, त्या शिडीच्या गेममधला राजा होता. आम्ही दोघं मिळून खेळायचो. दोघांचा खेळ लावला की आधी पहिल्याची पाळी. त्याचा माणूस मेला की पडदा क्षणभर काळा होतो, मग दुसऱ्याची पाळी. मी कायम पहिला. मी लगेच मरायचो आणि मग दादा निवांत खेळत बसायचा. त्याची एक खोड होती. शिडीखाली आला की सरळ चढायचा नाही. आधी जागच्या जागी दोन उड्या मारायचा, मग चढायचा. मी चिडायचो, कशाला वेळ घालवतोस? तो म्हणायचा, त्यानं अंदाज येतो, वरच्याचा हात कधी उठतो ते कळतं.

पुढं मी आयटीआयला गेलो आणि दादा उसाला गेला. आमच्याकडचं तुम्हाला माहीतच असेल. दसरा झाला की ट्रक येतात, निम्मं गाव भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं घेऊन ऊस तोडायला जातं. गावात म्हातारीकोतारी आणि कुलपं राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून लग्न झाल्यावर दादाबरोबर मंदा वहिनीपण जाऊ लागली. दिवसभर तोडायचं आणि ट्रक आला की भरायचा. भरायचा म्हणजे उसाची मोळी डोक्यावर घ्यायची, ट्रकला टेकवलेल्या शिडीवरून चढायचं, वर मोळी टाकायची, उतरायचं, परत चढायचं. दादा घरी आला की हसून सांगायचा, अरे मी तोच गेम खेळतोय, फक्त आता पिंप माझ्याच डोक्यावर असतं. आणि शिडीखाली आल्यावर डोक्यावर मोळी असतानाही तो दोनदा जागच्या जागी उसळी घ्यायचा म्हणे. टोळीतली माणसं हसायची. तरी सवय काही गेली नाही.

दादा त्याच शिडीवरून गेला. दहा-बारा वर्षं झाली. मी तिथं नव्हतो, इकडं दुकानात होतो. टोळीतल्या बायका परत आल्या तेव्हा त्यांनी आमच्या अंगणात बसून आईला जे सांगितलं तेच आम्हाला माहीत. तो निम्म्या शिडीवर होता, खालून मंदानं मागून हाक मारली, त्यानं वळून बघितलं, आणि तोल जाऊन मोळीसकट खाली आला.

मागून हाक मारू नये, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही शिकवतात. कामाला निघालेल्या माणसाला तर नाहीच नाही. आईनं तेवढंच धरलं. तिनं वहिनीला घराबाहेर काढलं नाही, मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. वहिनीनं ताट वाढलं की आई जेवायची, पण तोंड भिंतीकडं करून. आणि कुणी पाहुणा आला, दादाचा विषय निघाला, की एकच वाक्य बोलायची, ‘हाक लागली माझ्या लेकराला.’ वहिनी तिथंच बसलेली असायची, डाळ निवडत.

त्यानंतर वहिनीनं कुणालाच हाक मारली नाही. अतिशयोक्ती करत नाहीये. शेतात मी लांब असलो तर ती चालत यायची, समोर येऊन उभी राहायची, मग बोलायची. माझी पुतणी लहान असताना एकदा खेळत खेळत रस्त्यावर गेली, समोरून टेम्पो येत होता. कुठलीही आई किंचाळली असती. वहिनी मुक्यानं धावली. पोरगी वाचली, पण वहिनीचा पाय मोडला आणि ती अजून लंगडते. डॉक्टरांनी विचारलं, आवाज का नाही दिलात? ती खाली बघत राहिली. मला फार वाईट वाटायचं तिचं. पण वाईट वाटणं आणि आईपुढं तोंड उघडणं ह्यात फरक असतो.

तर आता ह्या वर्षीची गोष्ट. पाथर्डीतलं ते गेमचं दुकान कधीच बंद पडलं होतं. त्या पेट्या एका भंगारवाल्याकडं सडत होत्या. शिर्डीतला एक हॉटेलवाला माझ्या ओळखीचा. त्याच्या डोक्यात आलं, लॉबीत जुनी गेमची पेटी ठेवायची. पुण्या-मुंबईचे लोक दर्शनाला येतात, रूम मिळेपर्यंत खेळतील, फोटो काढतील, लहानपण आठवेल. मी भंगारवाल्याकडं गेलो आणि धूळ झटकली तर शिडीचा गेम! दादा जिथं मनगट टेकवायचा तिथला रंग गेलेला, ते लाकूडसुद्धा ओळखलं मी. ती आमचीच पेटी होती. टेम्पोत घालून दुकानाच्या मागच्या खोलीत आणली. घरी काही बोललो नाही. आईला पेटी म्हणजे काय ते कळलं नसतं, आणि वहिनीनं तर हा गेम आयुष्यात कधी बघितला नव्हता. हे लक्षात ठेवा. तिनं तो कधीच बघितलेला नव्हता.

दुरुस्तीला बरेच दिवस गेले. दसरा नुकताच झालेला, ट्रक भरून भरून चालले होते, गिऱ्हाईक नव्हतं, गावात भकास शांतता. पिक्चर ट्यूब मिळाली, पॉवर सप्लाय बदलला, बोर्ड साफ केला आणि पेटी सुरू झाली. काय आवाज तो... अगदी त्या अंधाऱ्या खोलीतला. दोन दिवस चालवून बघत होतो. कुणी खेळत नसलं की पेटी आपोआप एक नमुना दाखवते. त्यात माणूस पहिली शिडी चढतो, दुसऱ्या मजल्यावर पिंपाला धडकतो आणि मरतो. दर वेळी तेच. मला तो पाठ झाला होता, म्हणून इथं मुद्दाम सांगतोय. नंतर अनेकांनी मला ‘नमुना असेल’ म्हणून वेड्यात काढलंय.

त्या दुपारी वहिनी डबा घेऊन आली. मी मागच्या खोलीत होतो, पेटीचं पाठचं दार उघडं टाकून एकट्याचा खेळ लावला होता. एकट्याचाच. दोघांच्या खेळाचं बटण तर मी अजून बसवलंच नव्हतं, तिथं नुसतं भोक होतं. वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, हे काय म्हणून बघू लागली. मी खेळत खेळत म्हणालो, दादा खेळायचा तो गेम. ती पडद्याजवळ सरकली.

माझा माणूस मेला, नेहमीसारखाच लगेच. पडदा काळा झाला. पुढचा जीव मिळून परत माझीच पाळी यायला हवी होती. त्याऐवजी इंग्रजीत अक्षरं आली — दुसऱ्या खेळाडूची पाळी.

मी म्हटलं, झालं, बोर्ड गेला. माणूस हलवायच्या दांडीवरचा हात काढला आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला वाकलो. तेवढ्यात वहिनीनं माझा दंड धरला. मी वर बघितलं. माणूस चालत होता. तळाच्या मजल्यावरून, सावकाश. दांडी माझ्या डोळ्यांसमोर सरळ उभी होती, तिला कुणाचा हात नव्हता.

एक पिंप आलं, त्यानं उडी मारली. शिडीखाली आला. थांबला. जागच्या जागी दोन उड्या मारल्या. मग चढला.

धंद्याची सवय... मी पेटीच्या मागं हात घातला आणि दांडीची वायर बोर्डावरून उपटून काढली. आता आत हुकूम जायला रस्ताच नव्हता. माणूस चालतच होता. पुढच्या शिडीखाली गेला, पुन्हा दोन उड्या, चढला.

‘हे आपले ते हायती,’ वहिनी हळूच म्हणाली. ‘असंच करायचे. ट्रकपशी. असंच.’

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं हो! गेममधल्या त्या दोन उड्या फक्त मी बघितल्या होत्या, आणि ट्रकजवळच्या तिनं.

तो एकेक मजला चढत गेला. वहिनीनं पदराचा बोळा करून तोंडात धरला होता. आवाज नाही. शेवटून दुसरी शिडी... तो निम्म्यावर पोचला आणि वरून त्या धटिंगणानं पिंप लोटलं. मला दिसत होतं ना! पिंप वरच्या मजल्यावरून गडगडत शिडीच्या तोंडाशी येत होतं, शिडीवरूनच खाली उतरणार होतं. आणि त्याला त्याचं काही नव्हतं, तो आपला चढतोय, डोकं खाली घालून.

‘दादा!’ मी ओरडलो. ‘दादा, वर बघ!’

किती मोठ्यानं ओरडलो कुणास ठाऊक, पुढच्या टपरीवरचा माणूस पळत आला. पण त्याआधी जे झालं ते असं. शिडीवर त्या माणसानं मान वळवली. वर नाही बघितलं. आमच्याकडं बघितलं. इवलासा चेहरा, चार-पाच ठिपक्यांचा, त्यात काय दिसणार? पण तोंड आमच्याकडं होतं. मग पिंप त्याच्यावर आलं आणि तो खाली गेला.

पडदा काळा झाला आणि तसाच राहिला. टपरीवाला विचारत होता, शॉक बसला का? मी त्याला काहीतरी सांगून घालवलं. मी तिथंच फरशीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. दादा गेला तेव्हासुद्धा इतका रडलो नव्हतो.

वहिनी रडत नव्हती. ती माझ्यासमोर येऊन बसली, लंगडा पाय लांब करून.

‘भाऊजी, तुमी हाक का मारली?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, ‘अगं, वरून पिंप येत होतं ना वहिनी. त्याला दिसत नव्हतं, मला दिसत होतं.’

‘मला बी दिसली हुती,’ ती म्हणाली. ‘वरच्या थरातली मोळी सुटली हुती. ते खाली मान घालून चढत हुते. म्हनून वरडले मी.’

इतकी वर्षं एका घरात, एका चुलीवरचं खातोय. मी म्हणालो, वहिनी, मग हे कधी बोलली का नाहीस?

‘कुनी इचारलं?’ ती म्हणाली. रागानं नाही हो. खरंच आठवून बघत असल्यासारखी. आणि मग ती रडायला लागली, आवाज करून.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. पेटीचं तिला कितपत कळलं देव जाणे, पण सुटलेल्या मोळीचं कळलं. ती खाटेवर पडूनच होती. मग म्हणाली, ‘आता सांगून काय उपेग,’ आणि कूस बदलली. वहिनी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं होतं काहीतरी होईल, दोघी गळ्यात पडतील. तसलं काही झालं नाही. आईचं तोंड जेवताना अजून भिंतीकडंच असतं. फक्त पाहुण्यांपुढचं ते वाक्य तिनं पुन्हा उच्चारलेलं नाही.

आता पेटीचं. दुसऱ्या दिवशी वायर जोडली, तर ठणठणीत चालू. पुण्याचा एक मित्र अशा जुन्या पेट्यांचे बोर्ड दुरुस्त करतो, त्याला सगळं सांगितलं. त्यानं बोर्ड मागवून घेतला, तपासला, काही दोष नाही म्हणाला. बटणाविना दुसऱ्याची पाळी लागणं हे तो एखादी सुटी तार चिकटली असेल म्हणून मान्य करतो. वायर काढल्यावर माणूस चालला, ह्यावर तो म्हणतो, तू चुकीची वायर उपटली असशील. असेल बाबा. पण एक गोष्ट त्यालाही जुळवता येत नाही. ह्या गेममध्ये शिडीवरचा माणूस नेहमी पाठमोरा असतो. चढताना पाठ, उतरताना पाठ. शिडीवर तोंड फिरवलेल्या माणसाचं चित्र त्या बोर्डात काढलेलंच नाही. त्यानं आतलं एकेक चित्र काढून मला दाखवलं. नाहीच आहे. तुला भास झाला, तो म्हणाला. मग वहिनीलाही तोच भास झाला का? मी तिला वेगळं बसवून विचारलं होतं, शेवटी काय दिसलं. ती म्हणाली, माझ्याकडं बघितलं.

पेटी आता शिर्डीच्या हॉटेलात आहे. मध्ये एकदा गेलो होतो, पोरं दांडीवर तुटून पडली होती, त्यांचे आईबाप फोटो काढत होते. मी लांबून बघत उभा राहिलो. पडद्यावरचा एकही माणूस शिडीखाली थांबला नाही. सगळे धाडधाड चढत होते आणि मरत होते.

तुमच्यापैकी कुणाला ह्या बोर्डांमधलं कळत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. भुताखेतांवर माझा अजूनही विश्वास नाही, हट्टानं म्हणा हवं तर. पण जे बघितलं ते बघितलं, आणि मला पटेल असा खुलासा अजून कुणी केलेला नाही. आणि खरं सांगू? पेटीच्या कोड्यानं आता माझी झोप उडत नाही. झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीनं. टोळीतल्या बायका, आई, भावकी, मी, एवढी शहाणी माणसं, आणि का ओरडलीस गं, एवढं त्या बाईला इतक्या वर्षांत एकानंही विचारू नये? ह्याचाही खुलासा माझ्याकडं नाही.